कुणाच्या कानातला पियानो

जे वाद्य जिन्यावरून वर चढवायला सात-आठ जणांची कुमक लागते, त्याची आणि गणेशोत्सवाच्या मांडवाची कधी गाठ पडावी असं काही कारण नव्हतं. मोठा कॉन्सर्ट ग्रँड पियानो पावणेतीन मीटर लांब असतो आणि वजनाला अर्ध्या टनाच्या घरात जातो. त्याच्या पोटात सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण वीस टनांच्या जवळ पोचतो. तो पेलायला आत ओतीव लोखंडाची अख्खी चौकट. एवढं करून त्याला आपला पावसाळा सोसत नाही. मुंबईत ज्यांच्या घरी पियानो असे, ते चार महिने त्याच्या पोटात विजेचा बारीक दिवा लावून ठेवत. आत ऊब राहावी, तारा गंजू नयेत, लाकूड फुगू नये म्हणून. असं अवजड आणि वर नाजूक प्रकरण मंडळाच्या टेम्पोत चढवणार कोण, आणि चढवलंच तर उतरवणार कोण?

तरी आपल्याकडच्या गाण्याच्या कार्यक्रमांत पियानो सर्रास वाजतो. भावगीतांत वाजतो, जुन्या हिंदी गाण्यांत वाजतो, निवेदिका पाणी पीत असते तेव्हा उगाचच वाजतो. तो असतो कीबोर्डाच्या पोटात. कीबोर्ड यामाहाचा असो, रोलँडचा असो, कोर्गचा असो, नाहीतर स्वीडनहून आलेला लालभडक नॉर्ड असो. पहिल्या रांगेतले आजोबा त्याला ‘कॅसिओ’च म्हणतात. त्या कॅसिओमागे उभं राहणाऱ्या जमातीतला मी एक. आजोबांची चूक दुरुस्त करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. कारण दुरुस्त केली की ते पुढचा प्रश्न विचारतील, ‘मग आत काय आहे?’ आणि त्याचं उत्तर मध्यंतराच्या दहा मिनिटांत मावणारं नाही.

आत एक पियानो नसतो, पुष्कळ असतात. आमच्या भाषेत त्यांना टोन म्हणतात. त्यातला कुठला टोन लावायचा, या एका प्रश्नावर कीबोर्डवाल्यांनी जेवढ्या रात्री जागवल्या आहेत, तेवढ्या रियाझाला दिल्या असत्या तर देशात पियानोवादकांचा सुकाळ झाला असता.

नॉर्डचंच घेऊ. ही कंपनी स्टॉकहोमची. १९८३ साली तिनं इलेक्ट्रॉनिक ड्रमपासून सुरुवात केली आणि २००५मध्ये ‘नॉर्ड स्टेज’ नावाचा कीबोर्ड काढला. तिनं आपल्या पियानोंचं एक ग्रंथालयच केलं आहे. कीबोर्ड घ्या आणि त्यातले हवे ते पियानो फुकट उतरवून घ्या. त्या यादीतली नावं वाचताना डोक्याला फेटा बांधून बसावंसं वाटतं. रॉयल ग्रँड, व्हाइट ग्रँड, सिल्व्हर ग्रँड, व्हेलव्हेट ग्रँड, इटालियन ग्रँड, ग्रँड इम्पीरियल. एक तर ‘ग्रँड लेडी डी’ आहे. मूळ पियानो कुणी बनवला ते नावात उघड सांगत नाहीत, नुसतं सुचवतात, आणि मग जाणकार मंडळी सूचक हसतात. ‘डी’ दिसला की स्टाइनवेचं २७४ सेंटीमीटरचं ‘मॉडेल डी’ आठवायचं. ‘इम्पीरियल’ म्हटलं की व्हिएन्नाचा ब्योझेनडॉर्फर समजायचा. त्या बादशहाला ८८च्या ऐवजी ९७ पट्ट्या असतात, खर्जाकडे नऊ जास्तीच्या. आमच्या कीबोर्डला पट्ट्या मुळात ८८, काहींना ७३. म्हणजे बादशहा घरी आला तरी त्याचा थोडा भाग दाराबाहेरच राहतो.

हे पियानो मापांत मिळतात. स्मॉल, मीडियम, लार्ज, एक्स्ट्रा लार्ज. माप जितकं मोठं, तितकी आत ध्वनिमुद्रणं जास्त आणि तितकी जागा जास्त. ‘नॉर्ड स्टेज ३’मध्ये पियानोंसाठी जागा आहे २ जीबी. आज तेवढ्यात लग्नाचा एक व्हिडिओ धड मावत नाही. सगळ्यात मोठ्या मापाचा एकेक पियानो दीड-दोनशे एमबी खातो. इलेक्ट्रिक पियानोही त्याच जागेतून वाटा मागतात. मग सुरू होतो तो प्रकार ज्यांनी परदेशी निघालेल्या मुलाची बॅग भरली आहे त्यांना सांगायला नको. तेवीस किलोंत भाजणीही हवी, गोडा मसालाही हवा, कुकरही हवा. एक आत घातलं की दुसरं बाहेर, आणि वजनकाटा पुन्हा पुन्हा तोच आकडा दाखवतो. मीही इटालियन ग्रँड लार्जवरून मीडियमवर आणतो, जी जागा मोकळी होते तिच्यात एक ब्लॅक अपराइट घालतो, आणि मग इटालियनचं वाईट वाटून तो परत लार्ज करतो.

एवढी जागा लागते कशाला, हे समजून घेण्यासारखं आहे. पियानोचा सूर मोठा करायचा म्हणजे नुसता आवाज वाढवायचा नसतो. तारेवर आपटणाऱ्या हातोडीला दाबलेल्या लोकरीचं टोपण असतं. हळू मारलं तर लोकर मऊ राहते आणि सूर गोल येतो. जोरात मारलं तर ती दबून कडक होते आणि सुराला धार चढते. म्हणजे हळू वाजलेला ‘सा’ आणि जोरात वाजलेला ‘सा’ यांचा पोत वेगळा. एकाचं ध्वनिमुद्रण करून दुसऱ्याचं काम भागत नाही. म्हणून एकेक पट्टी हळू, थोडी जोरात, आणखी जोरात, अशी कितीतरी वेळा वाजवून मुद्रित करतात. खर्जाचा एखादा सूर पूर्ण विरायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं, आणि तोवर स्टुडिओत कुणी हलायचं नाही, एसी बंद, खुर्चीनं करकरायचं नाही. लॅपटॉपवर चालणारे पियानो तर या बाबतीत फारच हौशी. ‘कीस्केप’ नावाचा संग्रह ७७ जीबींचा आहे. व्हिएन्नातल्या एका संग्रहाची जाहिरात एका पट्टीमागे १२००पर्यंत ध्वनिमुद्रणं सांगते. आमच्या बोटांना मात्र मिडीच्या हिशेबात जोराच्या १२७ पायऱ्याच मिळतात, आणि मांडवात घाम आलेल्या बोटांना त्यातल्या तीनच सापडतात: हळू, नेहमीचं, आणि ढोलकी सुरू झाल्यावरचं.

या कसोशीची गंमत पुढेच आहे. तीनशे वर्षं पियानो बनवणारे आतली खडखड कमी करण्यासाठी झटले. पेडल दाबल्यावर तारांवरची दाबपट्टी उचलली जाते तेव्हा होणारा सुस्कारा, पट्टी सोडल्यावर येणारी टक, शेजारच्या तारांचं नकळत घुमणं, हे सगळं शक्य तितकं लपवायचं. आता डिजिटल पियानोत त्यातलं काहीच मुळात होत नाही. त्यात पेडल म्हणजे एक स्विच. तर इंजिनियरांनी बसून ती खडखड पुन्हा वेगळी मुद्रित केली, आत घातली, आणि ती कमी-जास्त करायला सोयही दिली. आम्ही पैसे मोजून घेतो ती सुबकता नव्हे. खऱ्या लाकडाची, खऱ्या लोखंडाची खोड घेतो.

पण ‘खरा’ हा शब्द या धंद्यात फार दिवस टिकत नाही. १९७६च्या सुमाराला यामाहानं ‘सीपी-७०’ काढला. त्यात खऱ्या तारा होत्या, खऱ्या हातोड्या होत्या, फक्त घुमण्यासाठी लाकडी फळीच्या जागी विजेचे पिकअप. दोन भागांत सुटा व्हायचा, तरी वजन शंभर किलोंच्या वरच, आणि प्रवासाला नेला की सूर लावणं आलंच. १९८२मध्ये अंध गायक-वादक स्टीव्ही वंडर रे कर्झवाइल यांना भेटला. अंधांसाठी छापील मजकूर वाचून दाखवणारं यंत्र कर्झवाइल यांनी आधीच बनवलं होतं आणि स्टीव्हीनं ते घेतलं होतं. त्या ओळखीतून प्रश्न निघाला, की संगणकाची सोय आणि खऱ्या वाद्याचा पोत एकत्र येतील का. १९८४ साली ‘के-२५०’ बाजारात आला आणि सॅम्पल केलेला, म्हणजे मुद्रित सुरांचा, पियानो रंगमंचावर चढला. १९८८ साली कोर्गचा ‘एम-१’ आला. त्याच्या पोटात सगळ्या वाद्यांना मिळून जागा होती ४ एमबी. आजच्या एका फोटोएवढी! त्यात बसवलेला पियानो पियानोसारखा फारसा वाजत नव्हता. चकचकीत, आखूड, थोडा पत्र्याच्या अंगाचा. पण नाइटक्लबांत वाजणाऱ्या हाउस संगीतानं तो उचलला, आणि त्या पिढीच्या लेखी नाचाचा पियानो म्हणजे तोच झाला. आज उत्तमोत्तम स्टाइनवे शेजारी असताना लोक मुद्दाम त्या ‘एम-१’च्या पियानोची नक्कल शोधतात. म्हणजे नकलेची नक्कल, आणि तीही अस्सल हवी!

इथे मला माझ्या प्रश्नाचं टोक सापडतं. रात्री हेडफोन लावून मी जो पियानो निवडतो तो माझ्या कानातला असतो. वाजवणाऱ्याच्या बाकावरून जसा ऐकू येतो तसा तो मुद्रित केलेला असतो: खर्ज डावीकडे, तार सप्तक उजवीकडे, आणि मधे मी, एखाद्या राजासारखा. पण प्रेक्षक त्या बाकावर बसत नाहीत. ते वीस-तीस रांगा मागे असतात, आणि बऱ्याच सभागृहांत त्यांच्यापर्यंत डावं-उजवं असं काही पोचतच नाही. एकच जॅक मिक्सरला लागतो, दोन्ही बाजू एकात मिसळतात. मुद्रणाच्या वेळी दोन मायक्रोफोन पियानोपासून वेगवेगळ्या अंतरावर ठेवलेले असतात. त्यांच्या लहरी एकमेकींवर पडल्या की काही ठिकाणी एकमेकींना खोडतात. घरी मखमली वाटलेला पियानो तिथे पोकळ होतो, जणू मधला मजला कुणी काढून नेला. म्हणून नव्यांना माझा एवढाच आग्रह असतो: टोन आवडला तरी तो आधी मोनोत, म्हणजे दोन्ही बाजू एकात मिसळून, ऐका. जो मोनोत तगला, तो निम्मी लढाई जिंकला.

उरलेली निम्मी लढाई संगतीची. एकटा वाजतो तेव्हा खोल, गर्द, उदास असा पियानो फार छान वाटतो. पण शेजारी बास गिटार आहे, ऑक्टोपॅड आहे, ढोलकी आहे, आणि पेटी आहे. पेटी आणि पियानोचा मधला भाग सुरांच्या एकाच पट्ट्यात राहतात आणि दोघांनाही तिथून हलायचं नसतं. अशा गर्दीत तो उदास ग्रँड दिसेनासा होतो. घरी कानाला टोचलेला, जरा कर्कश म्हणून बाजूला टाकलेला टोन तिथे नेमका उठून ऐकू येतो. त्यातून पियानोचा सूर लावणारे वरची सप्तकं किंचित चढी ठेवतात, कारण ताठ तारेचे वरचे स्वरांश स्वभावतःच चढे असतात. ती सवय ध्वनिमुद्रणातही उतरते. पेटीच्या पितळी सुरांना असली सवय नसते. मग वरच्या ‘सा’वर दोघांत बारीक लहरी उठतात. पेटीवाले काका माझ्याकडे बघतात, मी स्वीडनकडे बघतो.

पेटीवाल्यांच्या बाजूनं एवढं सांगायला हवं, की त्यांनी फार सोसलं आहे. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला दार बंद ठेवलं होतं. ठरावीक सुरांत अडकलेलं हे परकं वाद्य आपल्या गाण्याला झेपणार नाही, असा आक्षेप होता. त्या पेटीचे वंशज आता माझ्या कीबोर्डाकडे नेमक्या त्याच नजरेनं बघतात, याचं मला मनातून बरंच वाटतं. परंपरा चालू राहते.

संगतीच्याही पलीकडे आणखी एक कान असतो, तो ऐकणाऱ्यांच्या आठवणीतला. आपल्यातल्या बहुतेकांनी पियानो पहिल्यांदा पाहिला तो दिवाणखान्यात नव्हे, पडद्यावर. पार्टी चालू आहे, नायक सूट घालून पियानोवर बसला आहे, बोटं एका बाजूला आणि सूर भलतीकडे, आणि नायिकेला समजेल अशा बेतानं तो आपलं दुःख भर पार्टीत सांगतो आहे. १९४९च्या ‘अंदाज’मध्ये दिलीपकुमार पियानोवर बसला आणि मुकेशचा आवाज आला, तेव्हापासून तो देखावा आपल्या घरचा झाला. त्या काळचा ध्वनी फिल्मच्या कडेला प्रकाशानं उमटवलेला, एकाच वाहिनीचा, वरचं-खालचं टोक कापलेला. आपल्या कानात पियानो बसला तो तसा. त्या गाण्याला मी जेव्हा २७४ सेंटीमीटरचा लखलखता स्टाइनवे लावतो, तेव्हा प्रेक्षकांना तो फार ‘चांगला’ वाटतो आणि गाणं जुनं वाटत नाही. तेच एखाद्या साध्या उभ्या पियानोचा टोन लावून त्याचा वरचा चकचकाट काढला, की सत्तरीतल्या बाई डोळे मिटतात. आणि ऐंशी-नव्वदच्या दशकातलं प्रेमगीत आलं, की कुठलाच खरा पियानो चालत नाही. तिथे १९८३च्या यामाहा ‘डीएक्स-७’चा तो काचेसारखा किणकिणता इलेक्ट्रिक पियानो हवा. तो तर ध्वनिमुद्रणही नव्हे, निव्वळ गणित. त्यावर चाळिशीतले नवरे बायकांकडे बघतात.

आणि नाट्यपद आलं की पियानोनं मुकाट बाजूला व्हायचं. संगीत नाटकांनी मराठी कानात बसवला आहे तो ऑर्गन, पायानं भाता मारायचा, पितळी पट्ट्यांचा. परदेशी कीबोर्डात ‘ऑर्गन’चं स्वतंत्र खातं असतं, पण तिथं हॅमंड राहतो. १९३५ साली अमेरिकेत निघालेला, फिरत्या चाकांचा. तो लावून नांदी सुरू केली, तर सूत्रधार येण्याऐवजी पाद्री येईल अशी भीती वाटते. त्या खात्यात शोधत बसण्यापेक्षा ते पद पेटीवाल्या काकांना देऊन टाकावं. काका खूश होतात, आणि मघाच्या वरच्या ‘सा’चं प्रकरण मिटतं.

गायकाचा गळा हाही या निवडीतला एक मतदार. तालमीत ‘काळी तीन’ ठरलेली असते आणि पडदा उघडायच्या आधी निरोप येतो, ‘आज पांढरी चार घेऊ, घसा जरा धरलाय.’ खऱ्या पियानोवर याला सगळी बोटं नव्यानं बसवावी लागली असती. कीबोर्डवर एक बटण दाबलं की काम झालं. याची लाज वाटून घेऊ नये. अमेरिकेतला नामवंत गीतकार-संगीतकार आयर्व्हिंग बर्लिन आयुष्यभर मुख्यतः एकाच पट्टीत, काळ्या पट्ट्यांवर वाजवत राहिला, आणि दुसरी पट्टी हवी असली की पियानोखालचा दांडा सरकवून अख्खी यंत्रणा हलवायचा. त्याचा असा एक पियानो आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. आणि त्याची ती लाडकी पट्टी कोणती, तर आपली काळी तीन! आमच्या एकाही गायकाला हे सांगू नये, नाहीतर तो बर्लिनचा दाखला देऊन कायम तिथेच मुक्काम करेल.

तर इतके कान. मुद्रण करणाऱ्याचा, माझा, पेटीवाल्या काकांचा, सत्तरीतल्या बाईंचा, गळा धरलेल्या गायकाचा. ‘खरा पियानो कोणता’ हा प्रश्न घेऊन रात्री जागवणाऱ्यांना याचं उत्तर कधीच मिळत नाही, कारण तो प्रश्न पियानोला विचारलेला असतो. टोन निवडायचा म्हणजे आजच्या कार्यक्रमात कुणाच्या कानाशी इमान राखायचं ते ठरवायचं, आणि तेही दर गाण्याला नव्यानं. स्वतःच्या कानासाठी रविवारची दुपार राखून ठेवावी, हेडफोन लावावा आणि इटालियन ग्रँड लार्ज मापात मनसोक्त ऐकावा. त्यात काही गैर नाही. फक्त त्याला तयारी म्हणू नये.

शिवाय एक कान राहिलाच, आणि सगळ्यांत वरचढ तोच. सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यात टेबल टाकून साउंडवाले बसलेले असतात. माझ्या वाहिनीवर त्यांच्यासमोर तीन गोल खुंट्या असतात: हाय, मिड, लो. स्टॉकहोमच्या लोकांनी एसी बंद करून, श्वास रोखून जे काही मिळवलं, ते या खुंट्यांच्या एका पिळानं नाहीसं करता येतं, आणि कधीकधी केलंही जातं, कारण कुठून तरी शिट्टी वाजत असते आणि संशय माझ्यावर असतो. म्हणून माझ्या निवडीची शेवटची पायरी कीबोर्डवर नसतेच. साउंड चेकला पोचलो की स्टँड उघडायच्या आधी मी त्यांच्या टेबलाशी जातो आणि चहा घेणार का विचारतो. घेतला, तर पहिल्या गाण्याला व्हाइट ग्रँड लावायची हिंमत करतो. ‘आत्ता नको, नंतर बघू,’ म्हणाले, तर सगळ्यात भक्कम आणि सगळ्यात कर्कश टोन काढतो, तो मोनो करतो, आणि आजोबा म्हणतात तसा सरळ कॅसिओ वाजवतो.